औक्षणाची लाल टोपी

माझ्या मुलाने कॉलेजच्या फुटबॉल टीमसाठी सही केली, त्या दिवसाबद्दल ऑफिसात किंवा इथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं की मी म्हणतो, छान झालं. खोटं नाही ते. सही झाली, फुगे होते, केक होता, मुलगा हसला, फोटो चांगले आले. पण तुला स्वतःला काय वाटलं असं विचाराल तर खरं उत्तर असं की दुपारनंतर काहीच वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. मी चालत होतो, गाडी चालवत होतो, लोकांशी हात मिळवत होतो आणि हे सगळं दुसरंच कोणीतरी करत होतं.

आधी हा फुटबॉल कोणता ते सांगून टाकतो, कारण माझा नागपूरचा मामा अजूनही वर्ल्ड कप आला की फोन करतो आणि विचारतो, "आपला पोट्टा खेळून राहिला का रे?" मामा, हा तो नाही. हा अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट घालायचं, खांद्यांना गाद्या बांधायच्या, बॉल बगलेत मारून पळायचं आणि एकमेकांवर आदळायचं. नाव फुटबॉल, पण बॉलला पाय लावणारे अख्ख्या टीममध्ये एक-दोघंच. त्यातला एक माझा मुलगा. किकर म्हणतात त्याला. बाकीचे धिप्पाड गडी आदळआपट करून घामाघूम होतात, मग आमचा काडीपैलवान मैदानात येतो, एकदा लाथ मारतो आणि परत बाकावर जाऊन बसतो. बॉल दोन खांबांच्या मधून गेला तर खांद्यावर घेतात. नाही गेला तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. लहानपणी तो सॉकर खेळायचा. शाळेच्या कोचने त्याचा पाय पाहिला आणि त्याला इकडे ओढला.

आम्ही अमेरिकेतल्या फ्रिस्को नावाच्या गावात राहतो. शुक्रवारी संध्याकाळी इथे एक तर लोक इंडियन ग्रोसरीच्या रांगेत असतात नाही तर हायस्कूलच्या स्टेडियममध्ये. आम्ही दोन्हीकडे असायचो. माझी बायको पुण्याची, तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मुलगा मैदानात आला की ती डोळे मिटून बसायची आणि टाळ्या आल्या की उघडायची. असं तिने चार सीझन काढले.

मी मात्र फॅन. आणि मुलाच्या शाळेचा नंतर, आधी माझ्या स्वतःच्या कॉलेजचा. मी जिथे एमएस केलं त्या युनिव्हर्सिटीची टीम लाल रंगाची. पहिल्या वर्षी मी इथे आलो तेव्हा लॅबमध्ये कोणी माझं बोलणं एका झटक्यात समजून घेतलं असं आठवत नाही. दर वाक्याला "सॉरी?" म्हणायचे. मीही मग कमी बोलायला लागलो. एका शनिवारी कोणीतरी उरलेलं तिकीट दिलं म्हणून मॅचला गेलो. नियम माहीत नाहीत, पोटात सकाळचा ब्रेड, अंगात उसना लाल टी-शर्ट. आपल्या टीमने काहीतरी केलं आणि शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा खाली पडला. मग त्यानेच तो शोधून दिला. तिथे माझा उच्चार कोणी विचारला नाही, कारण सगळे नुसते ओरडत होते. ओरडण्याला अ‍ॅक्सेंट नसतो. त्या दिवशी मी या देशात पहिल्यांदा 'आपण' म्हणालो. "आपण जिंकलो" असं रूममेटला येऊन सांगितलं आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

नोकरी लागली, लग्न झालं, ग्रीन कार्डची ती न संपणारी वाट पाहिली, घर घेतलं. यातलं कुठलंही असू दे, शनिवारी मी लाल. मॅचला दर वेळी जाणं व्हायचं नाही, म्हणून मग फॅन लोकांच्या एका फोरमवर बसायला लागलो. तिथे कोणी खऱ्या नावाने नसतं. आपली एक टोपणओळख घ्यायची आणि दिवसरात्र वाद घालायचे. त्यात एक गडी होता, त्याच्या आयडीत त्याच्या ट्रकचं मॉडेल होतं, म्हणून मी त्याला मनात ट्रकवाला म्हणायचो. पंधराएक वर्षांची ओळख आमची. त्याचा घटस्फोट मला माहीत, त्याच्या कुत्र्याचं ऑपरेशन मला माहीत. माझे बाबा गेले तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती, मी जाऊ शकलो नाही. मी फोरमवर एवढंच लिहिलं की बॅक होम वडील वारले. मंडळातल्या लोकांनी फुलांच्या इमोजी पाठवल्या, पण ट्रकवाल्याने लांबलचक लिहिलं, स्वतःच्या बापाबद्दल, आणि शेवटी लिहिलं की तू आमचा आहेस, काही लागलं तर सांग. बॅक होम म्हणजे त्याला इथलंच अमरिलो गाव वाटलं असणार. मीही खुलासा केला नाही. कशाला करायचा.

तर गेल्या सीझनला आपल्या लाल टीमने शेवटच्या किकवर मॅच घालवली, आणि फोरमवर किकर या विषयाचं वेड लागलं. मग कोणीतरी लिहिलं की अरे, फ्रिस्कोत एक पोरगा आहे, त्याचा पाय म्हणजे तोफ आहे. माझा मुलगा. त्याच्या व्हिडिओंखाली माझी ही अनोळखी माणसं लिहायची, हा पोरगा आपल्याकडे आला पाहिजे. आणि मी गप्प बसून वाचायचो. एकालाही सांगितलं नाही की तो आता माझ्यासमोर सोफ्यावर पाय पसरून चिवडा खातोय. मला त्यात मजा वाटायची. बापाला दुसरं काय पाहिजे असतं, आपलं पोर आपल्या लोकांना हवं असतं.

शेवटी तीन कॉलेजं उरली. लाल, निळं आणि एक पांढरं, जे खरं तर तोंडी लावायला होतं. निळे म्हणजे शेजारच्या राज्यातले, आमचे हाडवैरी. इथे पद्धत अशी की सही करायच्या दिवशी शाळेच्या जिममध्ये टेबल मांडतात, टेबलावर प्रत्येक कॉलेजची टोपी ठेवतात आणि मुलगा सगळ्यांसमोर एक उचलून डोक्यावर चढवतो. तोपर्यंत ठरलेलं गुपित ठेवायचं. आमच्याकडे गुपित एवढं होतं की बायकोला माहीत होतं आणि मलाच माहीत नव्हतं.

आदल्या दिवशी बायको भांडी लावता लावता म्हणाली, "ऐक, त्याने मला तुला सांगायला सांगितलंय."

"मला सांगायला तुला कशाला सांगितलं? मी काय परगावी राहतो?"

"तो म्हणाला, उद्या बाबाला फक्त माझा डॅड असू दे. फॅन नको. एवढं एकच हवंय म्हणाला त्याला."

मी म्हणालो, अर्थात. आणि मनात म्हणालो, म्हणजे लालच. लाल नसतं तर एवढी नाटकं कशाला केली असती. माणसाला जे हवं असतं तेच ऐकू येतं. मुलाचा गुडघा दुखावला होता तेव्हा लालवाल्यांचे फोन एकदम बंद झाले होते आणि बरा झाल्यावर परत सुरू झाले, हे मलाही दिसलं होतं. निळ्यांचा कोच त्या काळात दर आठवड्याला फोन करून त्याच्याशी बोलायचा. मी तेव्हा मुलाला म्हणालो होतो, अरे, सीझनमध्ये बिझी असतात ते लोक. 

माझी आई तेव्हा नागपूरहून आलेली होती. लोक आईवडिलांना नागपूरचा उन्हाळा चुकवायला बोलावतात, ही डिसेंबरात आली, कारण नातवाची सही. सही म्हणजे काय हे मी तिला फोनवर समजावलं तेव्हा तिने विचारलं, "घराची का?" नाही आई, शिकायची आणि खेळायची. "मग ओवाळून पाठवायचं," ती म्हणाली. तो विषय तिथेच ठरला.

त्या सकाळी तिने नऊवारी नाही पण ठेवणीतली सिल्कची साडी नेसली, वर माझं ऑफिसचं जॅकेट आणि पायात माझ्या बायकोचे स्नीकर. पाट नव्हता म्हणून योगा मॅटची घडी केली. रांगोळी तांदळाच्या पिठाची. तबकात निरांजन, सुपारी, अक्षता, तिच्या बोटातली अंगठी. समोरच्या घरातल्या काकू, आमच्याच मंडळातल्या, रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या होत्या. मुलगा शाळेचा शर्ट घालून मुकाट मॅटवर बसला. आईने कुंकू लावलं, तबक उचललं आणि थांबली.

"डोकं उघडं आहे त्याचं," ती म्हणाली. "टोपी आणा."

आमच्या घरात टोपी कुठली. दिवाळीला आम्ही डोक्यावर नॅपकिन टाकतो. बायको नॅपकिन आणायला वळली, पण आईला तोवर डायनिंग टेबलवर टोप्या दिसल्या होत्या. शाळेत न्यायच्या म्हणून तिन्ही नव्याकोऱ्या, ओळीने मांडलेल्या. ती गेली, हात फिरवून पाहिला आणि लाल उचलली. माझ्याकडे बघून म्हणाली, "लालच आपली नं रे? तू शनवारी घालतो ती. आणि लाल शुभ असते."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो. मला तर वाटलं, आईच्या तोंडून देवच बोलला.

मुलाने आधी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी टोपीकडे बघत होतो. आईने ती त्याच्या डोक्यावर बसवली, जरा तिरकी. आजीचं मन मोडायचं नव्हतं म्हणून असेल, त्याने ती तशीच राहू दिली. डोळे खाली घालून बसून राहिला. तिने ओवाळलं, अक्षता टाकल्या, त्याने उठून तिच्या पाया पडल्यावर टोपी काढून परत टेबलावर जागच्या जागी ठेवली. काकूंनी या सगळ्याचे फोटो काढले. काढणारच, आमच्याकडे फोटो काढल्याशिवाय साधं पुण्याहवाचनही होत नाही. आणि कौतुकाने त्यांनी एक फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, आज आपल्या मुलाचा मोठा दिवस म्हणून.

मंडळात पुष्कळांची मुलं आता कॉलेजात आहेत. त्यातल्या कोणाच्या तरी मुलाने तो फोटो पाहिला आणि उचलून पुढे टाकला. आम्ही शाळेच्या पार्किंगमध्ये पोचेपर्यंत फोटो फोरमवर होता.

माझा फोन खिशात थडथडायला लागला. मी गाडीच्या दाराशी उभा राहून पाहिलं. माझ्या मुलाचं कुंकू लावलेलं कपाळ, वर लाल टोपी, आणि बाजूला आईचे हात, बांगड्या, निरांजन. खाली शेकडो लोक नाचत होते. झालं, ठरलं, आपला किकर आला. एकाने लिहिलं, हा काहीतरी इंडियन आशीर्वाद दिसतोय, किती सुंदर. दुसरा म्हणे, त्या आजीला सीझनचं तिकीट द्या, तिला दर मॅचला दिवा घेऊन बसवा. आणि ट्रकवाल्याने लिहिलं होतं, वेलकम होम, बेटा.

मला बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही. त्या पार्किंगमध्ये मला फार बरं वाटलं. आईचा हात आणि ट्रकवाल्याचं वाक्य एकाच पडद्यावर. मी मुलाकडे पाहिलं, तो खिडकीतून बाहेर बघत होता. त्याने फोन पाहिला होता की नाही मला माहीत नाही. बायकोने पाहिला होता. ती म्हणाली, "अरे देवा," आणि फोन पर्समध्ये टाकला.

जिममध्ये टेबलांवर शाळेच्या रंगाची कापडं होती. एक पोहणारी मुलगी होती, एक व्हॉलीबॉलवाली, आणि आमचा हा. लाल शर्टातले बरेच लोक आले होते, ज्यांचं शाळेशी काही देणंघेणं नव्हतं. फोटो पाहून आले असणार. एक माणूस माझ्याशी हात मिळवून म्हणाला, अभिनंदन, आम्ही तुमच्या मुलाची खूप काळजी घेऊ. मी थँक यू म्हणालो. आई पहिल्या रांगेत जॅकेटच्या बाह्या आवरून बसली होती.

मुलाची पाळी आली. त्याने माइकवर कोचचे आभार मानले, आईचे मानले, आजी असं मराठीत म्हणून तिचे मानले. मग म्हणाला, आणि बाबा, ज्याने मला प्रत्येक प्रॅक्टिसला नेलं. माझ्याकडे बघून म्हणाला. मग त्याचा हात टेबलावर गेला आणि त्याने निळी टोपी उचलली.

जिमच्या एका बाजूने असा आवाज आला की कोणाच्या तरी हातातून पातेलं पडावं आणि सगळ्यांनी 'अरेरे' म्हणावं. मग शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याशी हात मिळवलेला माणूस बाहेर निघालेला मला दिसला. आईने टाळ्या वाजवल्या, जोरात, आणि माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "निळी काऊन घातली रे त्याने?"

"तीच त्याची आहे आई."

"हो का," ती म्हणाली. मान वाकडी करून तिने परत पाहिलं. "बरी दिसते."

मी उभा राहिलो, फोटोत गेलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो मला म्हणाला, "बाबा, आर यू ओके?" मी म्हणालो, एकदम. तेव्हापासूनच ते इंजेक्शन चढायला लागलं असावं.

घरी आल्यावर मी जॅकेटसकट आरामखुर्चीत बसलो आणि वाचायला लागलो. वाचायचं नाही हे कळत होतं. पण खपली काढणाऱ्याला कोणी थांबवलंय. सकाळचा फोटो तोच होता, आता खाली दुसरं लिहीत होते. आपल्याला मूर्ख बनवलं. लक्ष वेधून घ्यायला मुद्दाम लाल टोपी घालून फोटो टाकला. जन्मभर बॉल खांबाला लागो त्याचा. सकाळी आशीर्वाद होता तो दिवा आता जादूटोणा झाला होता, आणि आजीच्या तिकिटाची भाषा करणारा तिला परतीच्या विमानात बसवायला निघाला होता. कोणी फ्रिस्कोत फार झालेत हे लोक असं लिहिलं, त्याला भराभर अंगठे पडले. ओळखीचे आयडी सगळे. कोणाला मी पहिल्या बाळाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, कोणाला लॅपटॉप कोणता घ्यावा ते सांगितलं होतं.

ट्रकवाल्याने उशिरा लिहिलं. मी वाट बघत होतो त्याची, खोटं कशाला बोलू. मला वाटलं हा काहीतरी माणसासारखं बोलेल. त्याने लिहिलं, या लोकांकडून निष्ठेची अपेक्षाच करू नका. येतात, घेतात आणि निघून जातात. आणि खाली एक हसरा चेहरा.

मी ते वाचलं. परत वाचलं. राग यायला हवा होता. माझा राग घरात प्रसिद्ध आहे, वायफाय गेलं तरी मी घर डोक्यावर घेतो. पण आला नाही. मी त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत बसलो. एक ओळ लिहिली असती की तो माझा मुलगा आहे, तर निम्मे गप्प बसले असते. पण ती ओळ लिहिली की मी आजपर्यंतचा तो लाल फॅन राहिलो नसतो, मीही 'हे लोक' झालो असतो. इतक्या वर्षांत त्या एकाच जागी मला कोणी कुठून आलास असं विचारलं नव्हतं. ती जागा हातची जाऊ द्यायला माझं मन होत नव्हतं. लाज वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती. मी फक्त खाली खाली सरकवत होतो.

संध्याकाळी आई चहा घेऊन शेजारी बसली. मुलगा पलीकडे सोफ्यावर मांडीवर बर्फाची पिशवी ठेवून आडवा होता. बायको तिच्या ऑफिसच्या कॉलवर होती.

"काय लिहून राहिले रे लोक?" आईने विचारलं. "दुपारपासून वाचतोस. आमच्या पोट्ट्याबद्दलच आहे नं? वाच नं मलाही."

तिला इंग्रजी येत नाही. चष्माही वर राहिला होता. मी म्हणालो, काही नाही, असंच. ती म्हणाली, असंच काय, वाच.

मग मी वाचलं. फोनवर बोट ठेवून, एकेक ओळ. इंग्रजीत होतं की याने आपल्या सगळ्यांना मूर्ख बनवलं. मी म्हणालो, "म्हणतात, पोराने सगळ्यांना चकित केलं." इंग्रजीत होतं की त्याची प्रत्येक किक चुको. मी म्हणालो, "म्हणतात, त्याच्या प्रत्येक किककडे आमचं लक्ष राहील." पुढे आजीचं होतं. मी जरा अडखळलो. "तुझ्या निरांजनाबद्दलही लिहिलंय."

"हो? काय लिहिलं?"

"असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं, म्हणतात."

आई हसली. चहाचा घोट घेतला. मग कप खाली ठेवून म्हणाली, "चांगली माणसं आहेत बाप्पा. मला तर धाकधूक होती. त्याने नंतर निळी घातली नं, तेव्हाच मला कळलं मी भलतीच टोपी घातली पोराला. म्हटलं माझ्यापायी त्याला कोणी बोलतं का काय. कोणी बोललं नाही नं?"

"नाही आई."

"खरं?"

"खरंच."

"मग झालं," ती म्हणाली आणि देवाजवळ दिवा लावायला उठून गेली.

मी मान वर केली तर मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो कमी. त्याचाही फोन हातात होता. तोच फोरम. मला का कोण जाणे वाटलं होतं की तो हे वाचत नसेल, आजकालची पोरं हे वाचत नाहीत.

"यू मेड देम साउंड सो नाइस," तो म्हणाला.

"तिला कशाला त्रास."

"हो," तो म्हणाला. बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. मग मराठीत म्हणाला, सावकाश, शब्द जुळवत, "मी तुझं नाव शोधत होतो. सगळी पानं बघितली. दुपारपासून."

त्याला माझी टोपणओळख माहीत होती. पाच-सहा वर्षांचा असताना माझ्या मांडीवर बसून मॅच बघायचा तेव्हापासून.

"मी वाईट काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"आय नो. तू काहीच लिहिलेलं नाहीस."

तो चिडून म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने अगदी साधं सांगितलं, फ्रिजमध्ये दूध नाही असं सांगतात तसं. मला त्याचं आदल्या दिवशीचं मागणं आठवलं आणि कुठेतरी आत, त्या बधिरपणाच्या खाली, काहीतरी दुखलं. फार नाही. पण दुखलं.

मी फोन घेतला आणि लिहायला लागलो. लिहिलं की हा फोटो आमच्या घरातला आहे. लिहिलं की आमच्याकडे ओवाळताना डोकं उघडं ठेवत नाहीत, म्हणून माझ्या आईने हाताला आली ती टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, यात कोणाला फसवायचा हेतू नव्हता. लिहिलं की मी स्वतः या टीमचा इतकी वर्षं फॅन आहे, तुम्ही मला ओळखता. लिहिलं की त्याचा गुडघा दुखत होता तेव्हा आपल्या लोकांनी फोन केले नाहीत. लिहिलं की मी माफी मागतो जर कोणाचा गैरसमज झाला असेल. तो माझा मुलगा आहे, हे मध्येच कुठेतरी आलं. पडदा भरून गेला. ऑफिसच्या ईमेलसारखं झालं होतं ते, आणि मी महत्त्वाचं काही पाठवायच्या आधी त्याला दाखवतो तसा फोन त्याच्यापुढे धरला.

त्याने वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. माफीच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं आणि त्याने ती पुसली. मग टीमची पुसली, गुडघ्याची पुसली, ओवाळण्याची पुसली. मी म्हणालो, अरे, ते तरी राहू दे, त्यांना कळायला नको का. त्याने मान हलवली आणि पुसत राहिला. शेवटी एकच वाक्य उरलं, तो माझा मुलगा आहे, एवढंच. त्याने फोन मला परत दिला.

"तू करतोस पोस्ट," त्याने विचारलं, "की मी करू?"

मी केलं.